कशाचे तापमान, किती खोलीवर?

कोजागिरीच्या मध्यरात्री नागपुरात गच्च्यागच्च्यांवर आटवलेल्या दुधाची पातेली उघडी ठेवलेली असतात आणि चांदण्याच्या शीतलतेबद्दल दरवर्षीचीच वाक्ये नव्या हौसेने बोलली जातात. त्याच घटकेला आपल्याला दिसणाऱ्या चंद्रबिंबाच्या मध्यभागी भर दुपार असते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे आणि चंद्र समोर असल्यामुळे त्या बिंबाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर सूर्य आलेला असतो, आणि तिथल्या मातीचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. म्हणजे ज्या चंद्राखाली आपण दूध ठेवतो, तो त्या वेळी उकळत्या दुधापेक्षाही वीसेक अंशांनी अधिक तापलेला असतो. यामुळे कोजागिरीच्या गोडव्यात काही उणे पडत नाही, आणि मसाला दुधाच्या बाबतीत मी खगोलशास्त्राचे ऐकत नाही. पण चांदणे थंड असते या समजुतीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र उरतो.

चंद्राचा पृष्ठभाग मुळात काळपट आहे. त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी साधारण १२ टक्केच तो परत फेकतो, म्हणजे जुन्या, झिजलेल्या डांबरी रस्त्याइतकेच. पार्श्वभूमीला काळेकुट्ट आकाश असते म्हणून आपल्याला तो चांदीसारखा दिसतो. उरलेले ८८ टक्के ऊन तो गिळतो, तापतो, आणि ती सगळी ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या रूपाने, पुन्हा बाहेर टाकतो. याचा हिशेब मांडला तर एक गमतीची गोष्ट हाती लागते: पौर्णिमेच्या चंद्राकडून पृथ्वीच्या दिशेने उजेडापेक्षा कित्येक पटीने अधिक ऊब येते. पण दोन्ही मिळूनही ती सूर्याच्या उष्णतेच्या जेमतेम ऐंशी हजारावा भाग भरेल, आणि तिच्यातलाही बराच भाग वाटेत हवा शोषून घेते, म्हणून आपल्या त्वचेला काहीच कळत नाही. ती पकडण्यासाठी मेलोनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाला १८४६ मध्ये व्हेसुव्हियस पर्वतावर मोठे भिंग आणि संवेदनशील उष्णतामापक घेऊन बसावे लागले होते. कोजागिरीला अंगाला जाणवणारा गारवा आपल्याच जमिनीचा असतो. पाऊस ओसरलेला असतो, आकाश निरभ्र असते, हवेतली वाफ कमी झालेली असते, त्यामुळे दिवसभर तापलेल्या भुईची उष्णता रात्री बिनअडथळा वर निघून जाते. चंद्र तेवढ्यापुरता साक्षीदार असतो.

आम्हा नागपूरकरांना तापमानाच्या आकड्यांचे एक वेगळेच वेड आहे. एप्रिल लागला की सकाळी वर्तमानपत्र उघडल्यावर आधी चंद्रपूरचा पारा किती, मग अकोल्याचा किती आणि मग आपला किती, हे पाहिले जाते, आणि आपला आकडा एखाद्या अंशाने मागे पडला तर थोडी खंतही वाटते. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली, ती आम्ही आजही वडिलार्जित मालमत्तेसारखी सांगतो. ३० मे २०२४ रोजी, नवतपा सुरू असताना, शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि काही तास समाजमाध्यमांवर आम्ही जगात पहिले आलो. नंतर तो सेन्सरचा दोष असल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी चौकाचौकांत झालेल्या चर्चेत एक गोष्ट मात्र फारच थोड्यांनी विचारली: हा आकडा कशाच्या तापमानाचा आहे?

कारण वर्तमानपत्रातले नागपूरचे तापमान हे नागपूरच्या उन्हाचे नसते, रस्त्याचेही नसते आणि गच्चीचेही नसते. ते सावलीतल्या हवेचे असते. पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची एक लाकडी पेटी जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर उभी करतात, तिच्यात थेट ऊन शिरत नाही पण वारा खेळतो, आणि आतला तापमापक त्या वाऱ्याचे तापमान सांगतो. त्याच दुपारी वर्धा रोडचे डांबर साठीच्या घरात जाऊ शकते, आणि उभ्या स्कूटरच्या सीटचा अनुभव ज्याने त्याने घेतलेलाच आहे. हवेमुळे आपल्याला एक सामायिक आकडा मिळतो. ती सगळ्या पृष्ठभागांना स्पर्श करते, त्यांची उष्णता उचलते, इकडची तिकडे करते, आणि शहराला मिळून एक तापमान देते.

चंद्रावर ही सोयच नाही. ‘चंद्रावर दिवसा १२० अंश’ असे वाक्य आपण वाचतो तेव्हा ते तिथल्या हवेचे तापमान नसते, कारण नाव घेण्याजोगी हवा तिथे नाही. तो आकडा मातीच्या वरच्या पापुद्र्याचा असतो. तिथे खांब रोवून छातीच्या उंचीवर तापमापक टांगला, तर तो फक्त स्वतःचे तापमान सांगेल: आपल्यावर ऊन किती पडले, खालच्या तापलेल्या जमिनीकडून किती उष्णता आली आणि आपण बाहेर किती टाकली, याचा जमाखर्च. त्याला पांढरा रंग दिला तर एक आकडा येईल आणि काळा दिला तर दुसराच, आणि दोन्ही बरोबर असतील. नागपूरचे ४७ आणि चंद्राचे १२० शेजारी ठेवून ‘अडीच पट’ म्हणणे म्हणूनच निरर्थक आहे. एक हवेचा आकडा आहे, दुसरा धुळीचा.

दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे कूलरचा वाळा बदलायला एक कारागीर येतो. जुन्या ताट्या काढून, जाळीवरचा पांढरा खार खरवडून, पंपाची नळी फुंकून पाहत असताना त्याचे इकडचे तिकडचे बोलणे चालू असते. चांद्रयान उतरल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने मला विचारले, “काऊन भाऊ, तिथं एवढं ऊन हाय म्हन्ता, मंग सावलीत उभं रायलं तं भागत नाई का?” उष्णतेशी रोजचा व्यवहार असलेल्या माणसाचाच हा प्रश्न होता. त्याच्या धंद्याची सगळी विद्या हवा आणि पाणी या दोन गोष्टींवर उभी आहे: कोरडी हवा ओल्या वाळ्यातून ओढायची, पाण्याची वाफ होताना तिची उष्णता काढून घ्यायची. चंद्रावर दोन्ही नाहीत, तेव्हा सावली तरी उपयोगी पडेल, हा त्याचा तर्क सरळ होता.

सावली उपयोगी पडते, आणि भलतीच पडते. याचा सर्वांत सुंदर पुरावा चंद्रग्रहणात मिळतो, कारण ग्रहण म्हणजे दुसरे काही नसून पृथ्वीने चंद्रावर धरलेली सावली. १४ जून १९२७ च्या ग्रहणात पेटिट आणि निकोल्सन या दोन खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून चंद्राच्या एका भागाची उष्णता सतत मोजत ठेवली. ग्रहण लागण्यापूर्वी तो भाग साधारण ७० अंशांवर होता. खंडग्रास अवस्था संपेपर्यंत तो उणे १०० च्या आसपास आला. तासाभराच्या अवधीत दीडशेहून अधिक अंशांची घसरण! मात्र त्यानंतर, पूर्ण ग्रास चालू असताना, तापमान अगदी हळू हळू उतरले. आधी कोसळणे आणि मग रेंगाळणे, या चालीतच चंद्राच्या मातीचा स्वभाव दडलेला होता. पुढे १९४८ मध्ये वेसेलिंक या डच खगोलशास्त्रज्ञाने गणिताने दाखवले की, अशी घसरण घन खडकावर होऊ शकत नाही. तिथे बारीक, सुटी, निर्वातात पसरलेली भुकटी असली पाहिजे. माणूस तिथे पाऊल ठेवण्याच्या एकवीस वर्षे आधी, नुसत्या तापमानावरून, पायाखाली काय लागणार हे कळले होते. मला हा शोध चांद्रविजयाच्या छायाचित्रांइतकाच मोठा वाटतो, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही याचे वाईटही वाटते.

ही भुकटी समजून घ्यायला मे महिन्यातला आपला स्लॅब बरा, कारण तो तिच्या नेमका उलट वागतो. दिवसभर स्लॅब ऊन पितो, उष्णता संथपणे आतवर जात राहते, आणि संध्याकाळी सात वाजता छताला हात लावला तर तो पोळतो. रात्री अकरा वाजता गच्चीवर बादलीने पाणी मारले तर चर्र आवाज येऊन मातकट वाफ नाकाशी येते, आणि तरीही पहाटे दोनपर्यंत खालच्या खोलीत पंखा गरम वाराच फिरवीत राहतो. काँक्रीट उष्णता साठवते आणि उशिरा परत करते. चंद्राच्या धुळीत कणाला कण जेमतेम टेकलेला असतो आणि मधल्या पोकळ्यांत हवाही नसते, त्यामुळे वरच्या थरातून उष्णता खाली जातच नाही म्हटले तरी चालेल; आपल्याकडच्या उत्तमोत्तम उष्णतारोधक साहित्यापेक्षाही ती वाईट वाहक आहे. म्हणून दुपारची सगळी झळ वरच्या काही सेंटिमीटरांत अडकते, पृष्ठभाग भयंकर तापतो, आणि सूर्य मावळताच ती तुटपुंजी शिल्लक अवकाशात निघून जाते. विषुववृत्तावर पहाटेच्या आधी तापमान उणे १७० च्या खाली गेलेले असते.

मग १२० या आकड्यावरच ते थांबते कसे? तापलेली वस्तू बाहेर टाकत असलेली उष्णता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंशांना शून्य धरून केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताने वाढते. सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट येतात. त्यातले बाराशेच्या आसपास मातीत शिरतात. आणि माती तेवढेच बाराशे बाहेर टाकू लागेपर्यंत तापत जाते. ती बरोबरी साधारण ३९० केल्विनला होते, म्हणजेच १२० अंशांच्या आसपास. पृथ्वीलाही सूर्यापासून तेवढेच ऊन मिळते, कारण सूर्याच्या दृष्टीने ३,८४,४०० किलोमीटर हे अंतर नगण्य आहे. फरक पडतो तो हवा, पाणी आणि दिवसाच्या लांबीमुळे.

हवा का नाही, याचे उत्तरही अंशतः तापमानातच आहे. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८१ व्या भागाइतके. त्यामुळे गुरुत्वाकर्षण सहावा हिस्सा, आणि तिथून कायमचे निसटायला सेकंदाला फक्त २.४ किलोमीटरचा वेग पुरतो. दुपारच्या १२० अंशांत हायड्रोजनचे रेणू सरासरीनेच सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या जवळपास धावत असतात, म्हणजे त्यांच्यातले पुष्कळसे केव्हाच पसार होतात. जड वायू इतके चपळ नसतात, पण सूर्याचे अतिनील किरण आणि सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे विद्युतभारित कण, त्यांचा कोट्यवधी वर्षांत निकाल लावतात. हवा नाही म्हणून तापतो आणि तापतो म्हणून हवा टिकत नाही, असा तो पेच आहे.

दिवसाच्या लांबीबद्दल थोडे. चंद्रावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साडेएकोणतीस पार्थिव दिवस जातात. म्हणजे सुमारे दोन आठवडे ऊन आणि दोन आठवडे रात्र. तिथल्या विषुववृत्तावर उजेड-अंधाराची सीमारेषा ताशी अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटर वेगाने सरकते, आणि चांद्रयान-३ जिथे उतरले त्या अक्षांशावर ती ताशी साडेपाच किलोमीटरच्या आतच राहते. अंबाझरी तलावाच्या काठाने सकाळी झपाझप चालणारी आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी तिथे गेली, तर केवळ चालत राहून कायम सकाळीच राहू शकतील. सकाळ हीच तिथली राहण्याजोगी वेळ आहे, हे मोहिमा आखणाऱ्यांनाही ठाऊक असते. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ उतरले तेव्हा सूर्य क्षितिजापासून दहा-अकरा अंशच वर होता. लांब सावल्यांमुळे खड्डे-दगड ओळखता यावेत हे त्याचे मुख्य कारण होते, पण उन्हाची धग वाढलेली नसणे हाही लाभ होताच.

मातीच्या आत काय आहे, हे नीट तपासायला अपोलो १५ आणि १७ च्या अंतराळवीरांनी १९७१ आणि १९७२ मध्ये भोके पाडून तापमापक पुरले. काम वाटले तितके सोपे निघाले नाही. अपोलो १५ मध्ये डेव्हिड स्कॉट यांचे ड्रिल घट्ट दाबलेल्या थरात इतके अडकले की, ठरल्याप्रमाणे तीन मीटर खोल जाताच आले नाही. अपोलो १६ मध्ये तर जॉन यंग यांचा पाय केबलमध्ये अडकून ती तुटली आणि तो प्रयोग तिथेच संपला. तरीही मिळाले ते फार मोलाचे होते. अर्ध्या मीटरच्या आसपास खाली गेले की, दिवस-रात्रीचा जवळजवळ मागमूस उरत नाही. वर शंभराहून अधिक आणि उणे शंभराहून खाली असा हेलकावा चालू असताना, तिथे बारमाही उणे वीस अंशांच्या जवळपासचे तापमान असते. त्याखाली आणखी गेले की ते किंचित वाढत जाते, कारण चंद्राच्या पोटातली ऊब अजून बाहेर झिरपते आहे.

या प्रयोगाचे एक उपाख्यान मला विशेष आवडते. पुरलेले तापमापक १९७७ पर्यंत आकडे पाठवीत राहिले, आणि त्या वर्षांत मातीचे तापमान थोडेसे, एक-दोन अंशांनी, वाढत गेल्याचे दिसले. चंद्र का तापतो आहे, हे कोडे अनेक दशके सुटले नाही. मधल्या काळात हरवलेल्या काही जुन्या चुंबकीय फिती शोधून काढून २०१८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे खापर अंतराळवीरांच्या पायांवर फुटले. त्यांच्या चालण्याने आणि गाडीच्या चाकांनी वरची फिकट धूळ विस्कटली, खालची गडद माती उघडी पडली, ती थोडे अधिक ऊन पिऊ लागली, आणि ती वाढीव उष्णता वर्षानुवर्षे सावकाश खाली उतरत राहिली.

चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर ‘चास्टे’ नावाचे जे उपकरण होते, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी लँडर उतरले आणि आमच्या गल्लीत फटाके फुटले. पण मला खरी उत्सुकता होती ती चार दिवसांनी इस्रोने प्रसिद्ध केलेल्या एका साध्या आलेखाची. तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांनी मिळून ही सळई बनवली होती: तिच्यावर दहा तापमान-संवेदक, आणि मोटरच्या साहाय्याने दहा सेंटिमीटरपर्यंत मातीत घुसण्याची तजवीज. चंद्राच्या इतक्या दक्षिणेला, सुमारे ६९ अंश अक्षांशावर, मातीत शिरून तापमान कोणीही मोजले नव्हते. आलेखात आडव्या अक्षावर तापमान होते आणि उभ्या अक्षावर खोली. पृष्ठभागाजवळ ५० अंशांच्या आसपास सुरू झालेली रेषा डावीकडे वळत वळत आठ सेंटिमीटर खोलीवर उणे १० च्या जवळ पोहोचत होती. आठ सेंटिमीटर म्हणजे माझ्या चार बोटांची रुंदी. एवढ्या जाडीत साठ अंशांचा फरक! दोन्ही आकडे एकाच जागेचे, एकाच वेळचे, आणि दोन्ही खरे. ‘तिथे किती अंश?’ या प्रश्नाला ‘किती खोलीवर?’ हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तरच नाही, हे त्या एका वाकड्या रेषेने दाखवून दिले होते.

पृष्ठभाग वीस-तीस अंशांवर असेल अशी अपेक्षा असताना तो इतका तापलेला निघाला, याची त्या वेळी चर्चा झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर अभ्यासात तर दिवसाचे कमाल तापमान ८२ अंशांपर्यंत गेल्याचे आढळले, आणि त्याच वेळी, जेमतेम एक मीटर अंतरावरच्या सपाट जागी, ते सुमारे ५९ अंश होते. कारण शोधताना लक्षात आले की, सळई जिथे घुसली तो उतार सहा अंशांनी सूर्याकडे कललेला होता. याचा पडताळा पाहण्यासाठी मी कागदावर हिशेब केला. त्या अक्षांशावर दुपारी सूर्य क्षितिजापासून वीस-एकवीस अंश वर येतो. ऊन इतके तिरपे असते की जमीन सहा अंशांनी सूर्यासमोर उचलली, तर तेवढ्याच मातीवर सव्वापट ऊन पडते. चौथ्या घाताच्या नियमाने सव्वापट ऊन म्हणजे निरपेक्ष तापमानात सुमारे सहा टक्के वाढ, आणि सपाट जागेच्या ५९ अंशांमध्ये, म्हणजे ३३२ केल्विनमध्ये, सहा टक्के मिळवले की ३५२ येतात. उपकरणाने मोजले होते ३५५, म्हणजेच ते ८२ अंश. घरच्या कागदावर चंद्राचा उतार इतका जवळ जुळून आल्यावर मी तो कागद जपून ठेवला आहे, हे सांगायला हरकत नाही. विषुववृत्ताजवळ सूर्य डोक्यावर असताना सहा अंशांच्या उताराने काहीच बिघडत नाही; ध्रुवाकडे जाऊ लागलो की प्रत्येक उंचवट्याला, प्रत्येक खळग्याला आपापले हवामान मिळते.

चंद्रावरच्या उष्णतेचा हिसका भारताला याआधीही बसला होता. २००८ च्या नोव्हेंबरात चांद्रयान-१ शंभर किलोमीटर उंचीवरून प्रदक्षिणा घालीत असताना वरून सूर्य आणि खालून तापलेली चांद्रभूमी अशा दुहेरी झळीने यानाच्या आतले तापमान ५० अंशांवर गेले, आणि यान थोडे वळवून, काही उपकरणे बंद ठेवून ते सावरावे लागले. पण दिवसापेक्षा रात्र निभावणे अवघड. सोव्हिएत संघाच्या लुनोखोद-१ या चांद्रगाडीने १९७० मध्ये पोलोनियमची किरणोत्सारी शेगडी बरोबर नेली होती, आणि रात्री ती झाकण मिटून बसत असे. विक्रम आणि प्रज्ञान यांच्याजवळ तशी सोय नव्हती; एक चांद्रदिवस हेच त्यांचे ठरलेले आयुष्य होते, ते पुरे करून ते निजले आणि पुढच्या पहाटे उठले नाहीत. जपानचे स्लिम हे यान जानेवारी २०२४ मध्ये कलंडलेल्या अवस्थेत उतरूनही, रात्रींसाठी बनवलेले नसताना, तीन रात्री काढून जागे झाले. यंत्रांतही चिवट जातीची असतात.

कूलरवाल्याच्या सावलीच्या प्रश्नाचा शेवटचा टोकाचा दाखला ध्रुवांवर आहे. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे, चंद्राचा सूर्याच्या संदर्भात अवघा दीड अंश. त्यामुळे तिथे ऋतू नाहीत, आणि ध्रुवांवर सूर्य कायम क्षितिजाला घासून फिरतो. खोल विवरांच्या तळाशी ऊन पोहोचून अब्जावधी वर्षे लोटली आहेत. २००९ मध्ये सोडलेल्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या डिव्हायनर या उपकरणाने त्या तळांचे तापमान मोजले, तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळ उणे २३८ आणि उत्तरेकडच्या हर्माइट विवरात उणे २४७ अंश असे आकडे आले. प्लूटोचा पृष्ठभागही इतका गार नाही. जिथे तापमान उणे १६० च्या खाली कायम राहते तिथे बर्फ निर्वातातही उडून जात नाही, आणि ९ ऑक्टोबर २००९ रोजी कॅबियस विवरात मुद्दाम आदळवलेल्या रॉकेटच्या धुरळ्यात पाणी सापडले, ते याच हिशेबाने. आणि सावलीचे दुसरे टोकही आहे: चंद्रावरचा शांतिसागर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानातल्या एका खोल खड्ड्याच्या कायम सावलीतल्या भागाचे तापमान १७ अंशांच्या आसपास स्थिर राहत असल्याचे २०२२ मध्ये अभ्यासकांनी काढले. सतरा अंश, म्हणजे नागपुरातली डिसेंबरची सुखद संध्याकाळ; भोवतालच्या तापलेल्या भिंती तिथे उष्णता पुरवीत राहतात आणि वरचे खडकाचे छत रात्री ती निसटू देत नाही. कारागिराला मी हे सांगितले तेव्हा त्याने पंपाची नळी बसवता बसवता मान हलवली आणि म्हणाला, “मंग तिथंच घर बांधाव लागते न जी.” अभ्यासकांचेही म्हणणे साधारण तेच आहे.

पुढचा मुद्दा पुन्हा उताराचाच आहे. चास्टेच्या आकड्यांवरून अभ्यासकांनी असे गणित मांडले आहे की, त्या अक्षांशांवर ध्रुवाकडे तोंड असलेला आणि चौदा अंशांहून अधिक तिरपा उतार मिळाला, तर त्याच्या पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर बर्फ टिकण्याइतका गारवा असू शकेल. हे खरे ठरले तर पाण्यासाठी थेट ध्रुवाच्या काळोख्या विवरांत उतरण्याचे संकट काहीसे टळेल, कारण तिथे ना सौरऊर्जा मिळते ना पृथ्वीशी सरळ संपर्क. भारत आणि जपान यांच्या नियोजित लूपेक्स मोहिमेत दक्षिण ध्रुवाजवळ गाडी उतरवून जमिनीत भोक पाडायचे आणि नमुने तपासायचे असे ठरले आहे. अपोलो १५ च्या ड्रिलची गत आठवली की, यातली मेख कळते. तिथे ड्रिल अडकले एवढ्यावर भागले. इथे फिरत्या पात्याच्या घर्षणाने माती थोडी जरी तापली, तरी ज्या बर्फासाठी एवढा खटाटोप करायचा तो नमुना उपकरणापर्यंत पोहोचण्याआधीच वाफ होऊन निघून जाईल. म्हणून ड्रिल हळू फिरवायचे, मध्येमध्ये थांबायचे आणि पात्याच्या टोकाचे तापमान सतत पाहत राहायचे, हीच या कामातली खरी कसोटी असणार आहे.